उसने खलत्व आणि परतीची वाट

मराठीत नाटकाचा 'प्रयोग' होतो, तसाच त्याचा 'खेळ'ही होतो. दशावताराचा खेळ, तमाशाचा खेळ, नाटकाचा खेळ हे शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतके मुरलेले आहेत की त्यांत एक विचार दडलेला आहे याची आपणांस जाणीव राहत नाही. मूल 'तू चोर, मी शिपाई' म्हणते तेव्हा जे करते, तेच रंगभूमीवरील नट करतो, असे त्या शब्दाने आपण नकळत मान्य केलेले असते. परंतु मुलांच्या खेळात चोर होण्यास कोणी सहसा राजी नसते. राज्य कोणावर यावयाचे हे ठरविण्यासाठी मुलेही चकतात, म्हणजे काहीतरी नियम पाळतात. कोणाला, किती वेळ आणि कोणाच्या संमतीने वाईट ठरवावयाचे, हा प्रश्न मुलांना जितका सहज सुचतो तितका तो नाट्यसमीक्षेला सुचलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी कलकत्त्याच्या रंगभूमीचा आधार घ्यावयाचा आहे, आणि एका मराठी नाटकाचाही. ते नाटक कलकत्त्याच्या रंगमंचावरही उभे राहिले होते.

प्रश्न आज नव्याने उपस्थित होण्यास एक निमित्त आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र धारण करतो आणि सर्वांनी मिळून एक कथा घडवावयाची असते. पुढे संगणकाच्या जाळ्यावर, केवळ लेखनाच्या साहाय्याने, परस्परांना कधी न भेटलेली माणसे असे खेळ खेळू लागली. या खेळांत एक युक्ती पहिल्यापासून आहे: एखाद्या नायकास शाप, मोह किंवा जादूचे शिरस्त्राण यांच्या योगे काही काळ खल करावयाचे. युक्ती मोठी रंजक असली तरी तिच्यातून कलह माजतात, आणि म्हणून खेळणाऱ्यांच्या मंडळांनी तिच्याभोवती नियमांचे कुंपण घातले आहे. खेळाडूला आधी विचारावे, मुदत ठरवावी, इतरांच्या पात्रांची कायमची हानी करू नये, पात्राचा राग खेळाडूवर काढू नये, असे त्या नियमांचे स्वरूप असते. हे नियम साहित्यशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक वाटतील. मला ते तसे वाटत नाहीत. नाट्यकलेच्या मुळाशी असलेली एक अट त्यांत उघडपणे मांडली गेली आहे, असे माझे मत आहे.

ती अट किती जुनी आहे हे पाहावयाचे तर भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय उघडावा. इंद्रध्वजाच्या महोत्सवात पहिले नाट्य झाले आणि त्यात दैत्यांच्या पराभवाचे अनुकरण होते. प्रेक्षकांत बसलेले दैत्य क्षुब्ध झाले. विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांना जर्जर केले, त्यावरून त्या दंडास 'जर्जर' हे नाव पडले. ही कथा सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु भरत येथे थांबत नाही. दंडाने प्रश्न सुटला नाही म्हणून ब्रह्मदेवाला दैत्यांची समजूत घालावी लागली. हे नाट्य केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे नाही, ते तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असे त्याने त्यांना सांगितले. याचा अर्थ असा की, ज्यांना खल केले त्यांची तक्रार नाट्याच्या जन्मदिनीच नोंदली गेली, आणि शास्त्रकाराने ती मूर्खपणाची मानली नाही. त्याने तिला उत्तर दिले. ते उत्तर असे की, खलत्व हे नाट्यात कोणा एकाच्या नावे कायमचे लिहून ठेवलेले नसते. ते सर्वांच्या सामाईक भांडारातून उसने घ्यावयाचे आणि परत करावयाचे असते.

हे उसनेपण रंगभूमीवर प्रत्यक्षात कसे सांभाळले जाते, याचे एक लखलखीत उदाहरण कलकत्त्यात सापडते. ७ डिसेंबर १८७२ रोजी जोडासांको येथे मधुसूदन सान्याल यांच्या वाड्यात नॅशनल थिएटरने दीनबंधू मित्र यांच्या 'नीलदर्पण' या नाटकाने आपला प्रारंभ केला. नीळमळेवाल्या साहेबांच्या जुलमाचे हे नाटक १८६० साली प्रसिद्ध झाले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ साली एक महिन्याचा तुरुंगवास आणि एक हजार रुपये दंड झाला होता. अशा नाटकात वूड साहेबाची भूमिका करणे म्हणजे त्या काळच्या बंगालमध्ये सर्वांत तिरस्करणीय माणसाचे सोंग घेणे होते. ते अर्धेन्दुशेखर मुस्तफी यांनी घेतले. पण त्यांनी तेवढ्यावर थांबू नये, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. त्याच नाटकात ते वूडच्या जुलमाने तुरुंगात गळफास घेणारे गोलोक बसू झाले, गोलोकांची शोकाने वेडी होणारी पत्नी सावित्री झाले, आणि एक रयतही झाले. जुलूम करणारा, जुलमाचा बळी आणि त्या बळीची विधवा ही तिन्ही एकाच देहातून एकाच रात्री प्रकट झाली. प्रेक्षकाने वूडचा कितीही द्वेष केला तरी तो द्वेष मुस्तफींच्या देहाला चिकटून राहू शकत नव्हता, कारण थोड्याच वेळात त्याच देहासाठी त्याला अश्रू ढाळावयाचे होते.

असे असूनही तो द्वेष चिकटला, अशी आख्यायिका आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी मुस्तफींचा अभिनय पाहून संतापाने आपली चप्पल त्यांच्या अंगावर फेकली आणि मुस्तफींनी ती बक्षीस म्हणून मस्तकी धारण केली, असे सांगतात. कथेची ऐतिहासिकता काहीही असो. ती दीड शतक सांगितली जाते याचे कारण तिच्या उत्तरार्धात आहे. नटाने ती चप्पल स्वीकारून भूमिका आणि माणूस यांच्यातील पुसली गेलेली रेषा पुन्हा ओढली. पण सर्वच प्रेक्षक ती रेषा ओढू देत नाहीत. १८७५ साली ग्रेट नॅशनल थिएटरची मंडळी लखनौला गेली असता याच नाटकातील रोग साहेबाच्या अत्याचाराच्या प्रवेशाच्या वेळी गोरे प्रेक्षक खवळून उठले आणि प्रयोग उधळला गेला, ही हकीकत बिनोदिनी दासी यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविली आहे. पुढल्याच वर्षी, १८७६ मध्ये, सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. विरूपाक्षाचीच ही तक्रार होती. फरक एवढाच की, या वेळी जर्जर दंड त्याच्याच हाती होता आणि समजूत घालणारा ब्रह्मदेव कोणी नव्हता. म्हणून उसनेपणाचा नियम सांगताना एक पुरवणी जोडली पाहिजे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला खेळात खल केल्याने इजा होत नाही. फार तर त्याचा अहंकार दुखावतो. इजा होते ती ज्याला खेळाबाहेर कोणतेही संरक्षण नाही त्याला.

१८७७ साली गिरीशचंद्र घोष यांनी मायकेल मधुसूदन दत्तांचे 'मेघनादवध काव्य' रंगभूमीवर आणले आणि त्यात राम व मेघनाद या दोन्ही भूमिका स्वतः केल्या. मधुसूदनांनी १८६१ सालच्या त्या काव्यात राक्षसपुत्राला नायकाची उंची दिली होती. घोष यांनी शत्रूंच्या त्या जोडीला एकाच कंठातून बोलावयास लावून काव्याचा अभिप्राय पुरा केला. आपल्याकडेही याला समांतर परंपरा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी आरडाओरडा करीत येई. त्या आरोळीवरूनच त्या नाटकांना 'अलल्डुर्र' हे नाव मिळाले. आपण त्या आरोळीला हसतो. परंतु ती एक प्रकारची दवंडी होती. आता येथून खलत्व सुरू होत आहे, असे ती सर्वांना बजावीत असे. आणि एका बाजूस सूत्रधार उभा असे. तो देवही नसे आणि राक्षसही नसे, आणि म्हणून दोघांनाही आत-बाहेर करण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. बंगालच्या जात्रेतील 'विवेक' या पात्राचे कार्य याच जातीचे आहे. कथानकात त्याचा काही लाभ-तोटा नसतो. कोणत्याही प्रवेशात शिरून, गाण्यातून, तो नायकाला आणि खलाला सारखेच सावध करतो.

एवढ्यावरून तीन गोष्टी हाती लागतात. खलत्व कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे सर्वांना दिसले पाहिजे. ते खेळाच्या सामग्रीतून घडविलेले असले पाहिजे, खेळणाऱ्याच्या खाजगी आयुष्यातून नव्हे. आणि खेळ थांबविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला त्या खलत्वापासून कोणताही लाभ होता कामा नये. या तिन्ही गोष्टी मोडल्या तर काय होते, हे विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाइतके निर्दयपणे दुसऱ्या कोणत्याही भारतीय नाटकाने दाखविलेले नाही, असे मी म्हणेन. १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली आणि सुलभा देशपांडे यांच्या प्रमुख भूमिकेसह ते प्रथम रंगभूमीवर आले. १९७१ साली शंभू मित्र यांच्या 'बहुरूपी' या संस्थेने कलकत्त्यात ते 'चोप, आदालत चोलछे' या नावाने बंगालीत केले. मुस्तफी आणि घोष यांची परंपरा ज्या शहराच्या स्मरणात आहे, तेथे हे नाटक त्या परंपरेची उलटी बाजू म्हणून पाहावयास हवे.

नाटकातील हौशी मंडळी एका गावी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अभिरूप खटला चालविण्यासाठी आलेली आहेत. मूळ आरोपी पाहा: दूरचा, अनुपस्थित, जगातील सर्वांत सत्ताधारी माणूस. त्याला खल करण्याने कोणाचेही काही बिघडणार नाही, आणि म्हणूनच त्या खेळात मंडळींना रस नाही. सामंत नावाच्या गावकऱ्याला ऐन वेळी साक्षीदार म्हणून उभे करावयाचे आहे आणि त्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही, या निमित्ताने दुसरा खेळ सुरू होतो. बेणारे बाई तोंड धुवावयास आत गेल्या असताना बाकीचे कुजबुजून त्यांना आरोपी ठरवितात. आरोप भ्रूणहत्येचा. येथेच पहिला नियम मोडला: खलत्वाची दवंडी ज्याच्याविषयी पिटावयाची, त्याच्या पाठीमागे ती पिटली गेली. बाई प्रथम हसून खेळात उतरतात. म्हणून त्यांनी संमती दिली होती, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांनी संमती दिली ती एका थट्टेला. थट्टेची सामग्री बदलताच ती संमती संपली. संमती ही एकदाच भरलेली प्रवेश-फी नव्हे, हे सत्य येथे जितके ठसते तितके कोणत्याही निबंधाने ठसणार नाही.

दुसरा नियम साक्षींच्या ओघात मोडतो. पोंक्षे आणि रोकडे जे सांगतात ते रचलेले नाही. बेणारे बाईंनी आपल्या संकटात ज्या ज्या पुरुषापुढे हात पसरला, त्या त्या पुरुषाने तो पसरलेला हात पुरावा म्हणून कोर्टात मांडला. आधुनिक भूमिका-खेळांच्या मंडळांनी खेळाडूच्या मनातून पात्रात आणि पात्रातून मनात होणाऱ्या झिरपीस 'ब्लीड' असे नाव दिले आहे. ही झिरप थोडीबहुत प्रत्येक नाट्यात असतेच. पण येथे झिरप नव्हे, पाटच काढून दिलेला आहे. तिसरा नियम काशीकर मोडतात. न्यायाधीश असलेले हे गृहस्थ आपले आसन सोडून स्वतः साक्ष देतात आणि पुन्हा आसनावर येऊन निर्णय सांगतात. सूत्रधारच राक्षसपार्टीत सामील झाला. उरला सामंत. बाहेरून आलेला, कोणाविषयीही आकस नसलेला हा भाबडा माणूस जात्रेतील विवेक होऊ शकला असता. तेंडुलकरांनी त्याच्या हाती एक कादंबरी दिली आणि तिच्यातील मजकूर वाचून साक्ष द्यावयास लावली. कल्पित आणि सत्य यांची सरमिसळ ज्याच्या हातून सर्वांत निरागसपणे झाली, तोच त्या दोहोंना वेगळे ठेवू शकणारा एकमेव माणूस होता. या नाटकातील मला सर्वांत क्रूर वाटणारी योजना ही आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नियमांनी जखडलेले खलत्व हे बेचव असते, असा तो आक्षेप आहे. खेळ नियम मोडून बेफाम झाला म्हणूनच त्या मंडळींचा ढोंगीपणा उघडा पडला आणि म्हणूनच बेणारे बाईंच्या तोंडून ते प्रदीर्घ स्वगत बाहेर पडले. नियम पाळले असते तर सत्य कधीच बोलले गेले नसते. आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु त्या स्वगताची रचना पाहावी. न्यायाधीशाने आरोपीला आपली बाजू मांडण्यास दहा सेकंद दिलेले आहेत. त्या दहा सेकंदांत काळ थांबतो, बाकीची पात्रे गोठून जातात आणि बाई आम्हां प्रेक्षकांशी बोलतात. मुदत संपते तेव्हा कोर्टाच्या लेखी त्या काहीच बोललेल्या नसतात. नटांची वाणी गोठविणाऱ्या विघ्नांची येथे आठवण व्हावी, पण उलट अर्थाने: येथे पाठलाग करणारे गोठले आणि जिच्यावर आरोप आहे तिला वाचा फुटली. अर्थात हे बोलणे खेळाने दिलेले नाही. ते नाटककाराने खेळाच्या काळाबाहेर नेऊन दिले आहे. नियमभंगातून सत्य बाहेर पडते हे खरे असेल, पण ते सत्य नियमभंग करणाऱ्यांच्या कानी पडत नाही. त्यांच्या दृष्टीने एक चांगली तालीम झाली, एवढेच. गावकरी दारात येतात, मंडळी घाईने खऱ्या खेळाच्या तयारीला लागतात आणि पडलेल्या बाईला 'खेळच तर होता' अशा अर्थाचे सांत्वन मिळते.

डच विद्वान योहान हाइझिंगा यांनी १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात लबाडी करणारा खेळाडू आणि खेळ उधळणारा खेळाडू यांत भेद केला आहे. लबाड निदान खेळत असल्याचे ढोंग तरी करतो, उधळणारा खेळाचे जगच मोडतो, म्हणून समाज दुसऱ्याला अधिक कठोर शासन करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेंडुलकरांच्या कोर्टात बेणारे बाई खेळ उधळू पाहतात आणि शासन त्यांनाच होते. कोर्टातील इतर सर्व लबाड आहेत, आणि लबाडांच्या खेळात उधळणारा हाच एक प्रामाणिक मनुष्य असतो. हाइझिंगांच्या सिद्धांताला ही एक मोलाची दुरुस्ती आहे.

तुलनेसाठी फ्रीडरिश ड्युरेनमाट यांची 'डी पाने' ही १९५६ सालची कृती घेता येईल. मोटार बिघडल्यामुळे एका गावात अडकलेला फिरता विक्रेता ट्राप्स निवृत्त न्यायाधीश, सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्या घरी जेवावयास बसतो आणि त्यांच्या नित्याच्या कोर्ट-खेळात राजीखुशीने आरोपी होतो. ड्युरेनमाट यांनी तिला दोन शेवट दिले. कथेत ट्राप्स रात्री गळफास घेतो, नभोनाट्यात तो सकाळी उठून सर्व विसरून मोटारीने चालता होतो. या दोन शेवटांमध्ये आपला सर्व प्रश्न सामावलेला आहे. एका शेवटात खलत्व अंगाला कायमचे चिकटले, दुसऱ्यात ते इतके सहज गळून पडले की त्याचा काही ठसाच उरला नाही. चांगला खेळ या दोहोंच्या मधला असावा लागतो. त्यातून बाहेर पडणारा माणूस जिवंत असावा, पण अगदी पूर्वीसारखा नसावा. मुस्तफींनी फेकलेली चप्पल मस्तकी घेतली तेव्हा त्यांनी हीच मधली वाट दाखविली.

आता ज्या निमित्ताने प्रारंभ केला त्याकडे वळतो. पाश्चात्त्य देशांतील भूमिका-खेळांच्या बैठकांत २०१० नंतरच्या दशकात एक साधी रीत पसरली. जॉन स्टाव्रोपुलोस यांनी सुचविलेली ही रीत अशी की, टेबलावर फुली काढलेले एक कार्ड ठेवावयाचे. ज्याला प्रसंग असह्य होईल त्याने त्याला स्पर्श करावा, की तो प्रसंग तेथेच बदलला जातो. कारण विचारले जात नाही. काहींना हे भित्रेपणाचे वाटते आणि कलेला असे दार ठेवल्यास तिची धार बोथट होईल अशी भीती वाटते. मला मात्र ते कार्ड पाहून 'शांतता!'मधील दार आठवते. नाटकाच्या आरंभी त्याच्या कडीत बेणारे बाईंचे बोट चेमटते, आणि पुढे असह्य होऊन त्या बाहेर जावयास निघतात तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेले असते. कडी कोणी मुद्दाम लावलेली नसते. ती लागते. दार उघडे राहील अशी व्यवस्था कोणीतरी मुद्दाम करावी लागते, बंद होण्यास मात्र कोणाच्या दुष्टपणाची गरज नसते. नियमांचे समर्थन याहून अधिक करण्याची आवश्यकता नाही.

समीक्षकाने नियमांविषयी बोलावे हे कित्येकांना रुचणार नाही. कलाकृतीतील खल किती जिवंत आहे एवढेच आम्ही पाहतो, तो ज्याच्या अंगावर चढविला त्याचे पुढे काय झाले हा आमचा प्रांत नव्हे, असे ते म्हणतील. परंतु वूडच्या भूमिकेची थोरवी मुस्तफींनी नंतर नेसलेल्या सावित्रीच्या लुगड्यापासून वेगळी काढता येत नाही. घोषांचा राम त्यांच्या मेघनादावाचून अर्धाच राहतो. बेणारे बाईंच्या शोकांतिकेचा तर सारा आशयच या प्रश्नात आहे. खलत्वाची खोली मोजावयाची तर आत शिरण्याची वाट पाहावी लागते, तशीच बाहेर येण्याचीही. मुलांच्या खेळात चोर पकडला गेला की राज्य दुसऱ्यावर जाते. ज्या खेळात ते एकाच माणसावर कायमचे राहते, त्याला मुले खेळ म्हणत नाहीत. आपणही म्हणू नये.